सहा फुटी रेडीमेड सिमेंट कंपाऊंड, कॉर्नर प्लॉटवर : चौदा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही घराला रेडीमेड सिमेंटचं कंपाऊंड टाकलं, ते खांब अन् मधे सरकवलेल्या पाट्या असतात ना ते. आता त्याला चौदा महिने झाले, एक उन्हाळा एक पावसाळा पूर्ण पाहून झाला, म्हणून लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण जळगाव, धुळे, भुसावळ कुठंही जा माल थोड्याफार फरकाने सारखाच आहे अन् विकणारे बोलतात पण सारखंच. माल चांगला आहे हे आधीच सांगून टाकतो. पण माल विकताना जी उंची सांगतात ती अन् नियमातली उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अन् हे मला कोणीच सांगितलं नाही, त्यात माझे चव्वेचाळीस हजार जास्तीचे गेले. पैशाचं जाऊ द्या, त्याहून मोठं काहीतरी होता होता राहिलं, ते खाली लिहिलंय.

आमचा प्लॉट जळगावला पिंप्राळ्याकडे, बिनशेती लेआऊटमधला, 50 बाय 60 फूट, कॉर्नरचा. मागच्या अन् डाव्या बाजूला शेजाऱ्यांच्या विटांच्या भिंती आधीच होत्या, त्यामुळे आम्हाला फक्त रस्त्याच्या दोन बाजू बंद करायच्या होत्या, समोर 50 फूट अन् उजवीकडे गल्लीला 60 फूट. गेटचे 12 फूट सोडले की 98 फूट राहतं.

विटांचं बांधकाम का नाही केलं तर एक तर मे महिना. आपल्याकडे मेमध्ये 45 डिग्रीच्या पुढं पारा जातो, अशात वीटकाम अन् प्लास्टर केलं तर दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारावं लागतं नाहीतर भिंत भाजून निघते अन् पावसाळ्यात पापुद्रे सुटतात, अन् आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी काही रोज येत नव्हतं. दुसरं म्हणजे खाली काळी माती. तापी-गिरणेच्या या पट्ट्यात ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहितीय, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, लांबच लांब विटांची भिंत असली की तिला एक तरी तिरपी चीर पडतेच. खांब-पाटीच्या कंपाऊंडला जोड सुटे असतात त्यामुळे थोडं हललं तरी फाटत नाही, हा त्याचा खरा फायदा आहे अन् तो मी अनुभवला.

बसवायला कामाचे तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी खड्डे, दुसऱ्या दिवशी खांब ओळंब्यात उभे करून काँक्रीट, मग दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी पाट्या. खांब आठ फुटी, त्यातला दोन फूट जमिनीत, सहा फूट वर. खांबाला दोन्ही बाजूंनी खाच असते, पाटी वरून त्या खाचेत सोडायची. एक पाटी सात फूट लांब, एक फूट उंच, दोन इंच जाड, वजन ऐंशी किलोच्या घरात, दोघंजण खांद्याइतकी उचलून खाचेवर धरतात अन् एकदम सोडत नाहीत, एका बाजूने थोडी, दुसऱ्या बाजूने थोडी अशी झुलवत झुलवत उतरवतात, खाली बसली की ठप्प असा आवाज येतो. त्यातला एक पोरगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, त्याचा हात बघण्यासारखा होता, प्रत्येक पाटी बसली की खालच्या फटीत बोट फिरवून बघायचा, बोट गेलं की पाटी परत वर घ्यायची. आमच्या कंपाऊंडमधून आजही मुंगूस सुद्धा जात नाही ते त्याच्यामुळे.

भाव आम्हाला बसवून 95 रुपये चौरस फूट लागला, 98 गुणिले 6 म्हणजे 588 चौरस फूट, छप्पन हजाराच्या आसपास. विटांच्या भिंतीचा अंदाज याच्या दुपटीच्या जवळ होता.

चौदा महिन्यांनी काय परिस्थिती आहे ते सांगतो. खांब सगळे शाबूत. गल्लीच्या बाजूचा एक खांब जुलैच्या पावसानंतर बाहेरच्या बाजूला कलला, साधारण दीड इंच. कारण आम्ही प्लॉटमध्ये मुरमाचा भराव टाकला होता दीड फुटाच्या आसपास, म्हणजे दोन फुटाचा खड्डा म्हणता म्हणता खांबाचा पाय काळ्या मातीत जेमतेम अर्धा फूट, बाकी सगळा भरावात, अन् भराव नीट दबलेला नव्हता. फोन केला तर दुसऱ्या आठवड्यात माणसं आली, पाट्या काढून खांब सरळ केला, या वेळी तीन फूट खोल जाऊन खाली दगड-काँक्रीट भरलं, पैसे घेतले नाहीत. हे मी मनापासून त्यांच्या बाजूने लिहितो. पण ज्यांच्याकडे भराव आहे त्यांनी सुरुवातीलाच खांब लांब मागा, नऊ किंवा साडेनऊ फुटी, थोडे पैसे जास्त लागतील पण खांबाचा पाय मूळ जमिनीत गेला पाहिजे. दोन पाट्यांवर केसासारख्या चिरा आहेत, त्या गाडीतून उतरवताना पडल्या होत्या, मी तेव्हाच बदलून मागायला हव्या होत्या. तुम्ही उतरवताना उभे राहा अन् पाटीच्या कडेला सळईचं टोक उघडं दिसलं तर ती पाटी परत करा, आपल्या पावसात ती गंजते अन् कडा फुटते.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

मी दुकानावर गेलो तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला, भाऊ किती फुटी टाकायचं, पाच, सहा का सात. मी म्हटलं तुम्ही काय सांगता, तर म्हणे कॉर्नर आहे ना, मग सहाच्या खाली घेऊच नका, कॉर्नरला दोन्ही बाजूंनी नजर जाते, बायका-माणसं अंगणात असतात. मी विचारलं महापालिकेची परवानगी वगैरे काही लागते का, तर हसून म्हणाले कंपाऊंडला कुठं परवानगी लागते भाऊ, आपलीच जागा आपलीच भिंत. मला पण ते पटलं, कारण गल्लीत आजूबाजूला सगळ्यांच्याच उंच भिंती आहेत अन् कोणी कधी काही बोललेलं नाही.

ऑगस्टमध्ये एक दिवस सकाळी सव्वासात-साडेसातची वेळ, आमच्या मागच्या गल्लीतली सातवीतली एक मुलगी सायकलवर शाळेत निघाली होती. ती गल्लीतून मेन रस्त्याकडे आली अन् त्याच वेळी समोरच्या रस्त्याने दुधाचा छोटा टेम्पो आला. दोघांच्या मधे आमची भिंत. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला तो आवाज मी बाथरूममध्ये ऐकला. बाहेर पळत आलो तर सायकल आडवी, दप्तर चिखलात, मुलगी उभी होती पण थरथर कापत होती, गुडघा खरचटलेला, टेम्पोचं चाक तिच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून वीतभर लांब. टेम्पोवाला खाली उतरून आमच्या भिंतीकडे बोट करून एवढंच म्हणत होता, दिसलीच नाही हो दादा, दिसलीच नाही. तो जोरात पण नव्हता.

माझे वडील, अप्पा, एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं गाडी चालवली, जळगाव डेपो, चोपडा-शिरपूर-धुळे सगळे रस्ते पाठ. ते काही बोलले नाहीत तेव्हा. मुलीला पाणी दिलं, तिच्या घरी सोडून आले. मग प्लास्टिकची खुर्ची घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेला जाऊन बसले, खुर्चीत बसलं की डोळे साधारण मोटरसायकलवाल्याच्या उंचीला येतात, थोडे खालीच. तासभर बसले. येणाऱ्या गाड्या भिंतीच्या कडेला कधी दिसतात ते पाहत होते. अप्पा मूळचे साक्रीकडचे, मनाला लागलं की अहिराणीवर येतात. आत आले अन् म्हणाले, भित उभी करी टाकी तुम्ही, पन गाडीवालाले पोर कशी दखाई?

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या इंजिनिअरला बोलावलं, ज्यांनी घराचा नकाशा मंजूर करून दिला होता ते. मला वाटलं होतं ते म्हणतील एक आरसा लावा कोपऱ्यावर. ते आले, भिंत पाहिली अन् सरळ म्हणाले, हे असं असताना मी भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे बांधलेलं घर वापरायला महापालिका जी मंजुरी देते तिच्या, कागदावर सही करू शकत नाही. मग माझ्याच कपाटातला मंजूर नकाशा त्यांनी उघडायला लावला, त्यात खाली एका कोपऱ्यात कंपाऊंड वॉलचं वेगळं चित्र काढलेलं, उंचीसकट, कॉर्नरचा भाग वेगळा दाखवून. दोन वर्षं तो नकाशा माझ्या घरात होता अन् मी फक्त खोल्यांची मापं बघितली होती.

नियम काय आहे ते त्यांनी समजावलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. डिसेंबर 2020 पासून मुंबई अन् काही थोडे भाग सोडले तर पूर्ण महाराष्ट्राला एकच बांधकाम नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. जळगाव, धुळे महापालिका, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबार, शहादा या नगरपालिका, सगळीकडे हीच. त्यात इमारत या शब्दाच्या व्याख्येतच जागेला वेढणारी भिंत पण धरलेली आहे, म्हणजे कंपाऊंडला काही लागत नाही हे म्हणणंच चूक. समोरच्या कंपाऊंड वॉलची उंची जास्तीत जास्त 1.5 मीटर, म्हणजे 4 फूट 11 इंच. 2.4 मीटरपर्यंत जाता येतं पण मग वरचा 0.9 मीटरचा भाग उघडा पाहिजे, ग्रील किंवा जाळी, ज्यातून आरपार दिसेल असा. अन् कॉर्नर प्लॉट असेल तर कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना 10-10 मीटर लांबीत भरीव भिंत फक्त 0.75 मीटर, म्हणजे अडीच फुटाला अर्धा इंच कमी, त्याच्यावर हवं तर आणखी 0.75 मीटर रेलिंग.

इथपर्यंत मी म्हटलं ठीक आहे, सहाच्या जागी पाच फूट, वरची एक पाटी काढू. तर ते म्हणाले थांबा, ही उंची तुमच्या अंगणातून मोजायची नाही, रस्त्याच्या मध्यापासून मोजायची.

हे ऐकून मी गप्पच झालो. कारण आपल्याकडे काळ्या मातीमुळे प्रत्येकजण भराव टाकतो, प्लॉट रस्त्यापेक्षा वर असतो, कोणाचा एक फूट कोणाचा दोन फूट. मग गवंड्याला बोलावलं, त्याची ती पारदर्शक नळी असते पाणी भरलेली, लेव्हल बघायची, तिचं एक टोक अप्पांनी बरोबर रस्त्याच्या मधोमध धरलं, दुसरं मी भिंतीच्या पायाशी, पाणी हलायचं थांबेपर्यंत दोघंही तसेच उभे. येणारी-जाणारी वाहनं अप्पा एका हाताने थांबवत होते, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच इतक्या रुबाबात. फरक निघाला 1 फूट 4 इंच. म्हणजे माझी सहा फुटी भिंत नियमाच्या मापाने 7 फूट 4 इंच होती, पूर्ण भरीव, अन् तीही कोपऱ्यावर, जिथं भरीव भाग अडीच फूट सुद्धा चालत नाही.

म्हणून सांगतो, दुकानात जाण्याआधी ही नळी लावा. गवंडी दहा मिनिटांत करून देतो. जो आकडा येईल तो 4 फूट 11 इंचातून वजा करा, उरेल तेवढीच भरीव भिंत तुम्ही समोर तुमच्या जमिनीपासून घेऊ शकता. आमचं उरलं 3 फूट 7 इंच, म्हणजे एक-एक फुटाच्या तीनच पाट्या. दुकानदार पाच फुटी म्हणतो ते त्याच्या पाट्यांच्या हिशोबाने, त्याला तुमचा रस्ता माहीत नाही अन् तो विचारत पण नाही.

बरं यात एक चांगली गोष्ट निघाली. कोपरा सोडून जो भाग राहतो, म्हणजे गल्लीकडचे 27 फूट अन् गेटजवळचे 5 फूट, तिथं खांब कापायची गरज पडली नाही. वरच्या तीन पाट्या काढल्या, त्या जागी त्याच खांबांना पट्ट्या मारून 2 फूट 11 इंचाची ग्रील बसवली. रस्त्यापासून एकूण सव्वासात फूट, वरचा भाग उघडा, नियमात बसतं. उंची पहिल्यासारखीच दिसते पण आरपार दिसतं.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचे 33-33 फूट मात्र सगळं उकललं. तिथं हिशोब असा, 2 फूट साडेपाच इंचातून 1 फूट 4 इंच गेले की उरतात 1 फूट दीड इंच, म्हणजे एकच पाटी. एक पाटी ठेवली, बाकी पाच काढल्या. खांब कटरने कापावे लागले, आत सळई असते, दिवसभर तो आवाज अन् सिमेंटची धूळ, बायकोने शेजारच्या चारही घरांत जाऊन आधी सांगून ठेवलं होतं कपडे आत घ्या म्हणून. वर 2 फूट 5 इंचाचं साधं रेलिंग, उभ्या सळ्या, त्यात कुठलीही पत्र्याची नक्षी नाही. फॅब्रिकेशनवाला खूप मागे लागला होता की लेझर कटिंगची डिझाईनची शीट लावू, आजकाल सगळे तीच लावतात, पण ती शीट लावली की ती पुन्हा भिंतच झाली, आरपार काय दिसणार. आमच्याच कॉलनीत दोन ठिकाणी ग्रीलला आतून हिरवं कापड अन् पत्रा बांधलाय, मला आता ते दिसलं की पोटात गोळा येतो.

ग्रील, रेलिंग, कटिंग, मजुरी असं सगळं धरून चव्वेचाळीस हजार. आधीच विचारून केलं असतं तर पाट्या निम्म्याहून कमी लागल्या असत्या अन् ग्रीलचे पैसे त्याच बजेटमध्ये बसले असते.

घरात यावरून खूप चर्चा झाली ते पण लिहितो कारण बऱ्याच घरांत हीच अडचण असेल. माझ्या बायकोला कमी उंचीची भिंत नको होती. तिचं म्हणणं असं की मी ड्युटीवर असतो, सासू-सासरे वयस्कर, आमच्या भागात रात्री घरफोड्या झालेल्या आहेत, भिंत उंच असली की जिवाला बरं वाटतं. तिचं चूक नव्हतंच. पण आमच्या शेजारच्या काकूंनी, ज्यांचं घर आमच्याआधी दहा वर्षांपासून तिथं आहे, त्यांनी एक गोष्ट सांगितली, त्यांच्याकडे चोर आला तो उंच भिंतीच्या आत उतरून निवांत तासभर कुलूप तोडत बसला होता, बाहेरून कोणालाच दिसला नाही. त्यानंतर बायको शांत झाली. आता अंगणात एक दिवा रात्रभर चालू ठेवतो अन् गल्लीतून जाणाऱ्याला अंगण पूर्ण दिसतं. आई भाजी निवडत अंगणात बसते तर येता-जाता बायका रेलिंगपाशी थांबतात, काय करताय माय, आज कशाची भाजी. आधी सहा महिने ती त्या भिंतीच्या आत एकटी बसायची, आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

गेटबद्दल पण एक नियम आहे तो या नादात कळला, गेट आतल्या बाजूलाच उघडलं पाहिजे, रस्त्यावर उघडणारं चालत नाही. आमचं बाहेर उघडणारं होतं कारण आत गाडी उभी राहिली की गेटला जागा उरत नाही. त्याला सरकतं करून घेतलं, खाली चॅनल टाकून. चॅनलमध्ये पावसात माती साचते, आठवड्यातून एकदा काढावी लागते, तेवढं सोडलं तर गेट उत्तम चालतं.

अजून काही गोष्टी पटकन सांगतो. खांबाचे खड्डे घेण्याआधी प्लॉटची हद्द पक्की करा. भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या, अर्ज ऑनलाईन होतो, डिसेंबर 2024 पासून नियमित अन् द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत, महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितला 3000 अन् द्रुतगतीला 12000 रुपये. आम्ही नियमित केली, आमच्या प्लॉटचा दगड नऊ इंच सरकलेला निघाला. मोजणी झाली की क प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा, मिळते ती जपून ठेवा, शेजाऱ्याशी वाद निघाला तर तोंडाने काही सिद्ध होत नाही. तसंच तुमच्या समोरचा रस्ता विकास आराखड्यात रुंद होणार असेल तर भिंत आजच्या कडेला घेऊन उपयोग नाही, ती पुढं मागे घ्यावी लागते, मंजूर लेआऊट अन् झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात आपली जागा कशात येते त्याचा दाखला, काढून बघा. अन् गटारावर पुढे येऊन खांब रोवू नका, आमच्या गल्लीत एकाने ते केलं तर पहिल्याच पावसात पाणी तीन घरांत शिरलं.

छोट्या प्लॉटच्या परवानग्या नव्या नियमावलीत सोप्या केल्यात, पण त्यात जबाबदारी मालकावर अन् सही करणाऱ्या परवानाधारक इंजिनिअरवर येते, म्हणूनच आमचे इंजिनिअर अडून बसले, अन् अडून बसले ते फार चांगलं झालं. भिंत बदलल्यावर त्यांनी स्वतः टेप घेऊन तिन्ही ठिकाणी माप घेतलं, फोटो काढले, मग सही केली.

दुकानदाराला मी हे सगळं जाऊन सांगितलं. भांडायला नव्हतो गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, काढलेल्या पाट्या परत घेत नाही म्हणाले, ते मला पटलं नाही पण समजू शकतो, वापरलेल्या पाट्या कोण घेणार. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही गिऱ्हाइकाला किती फुटी पाहिजे विचारता त्याच्याआधी कॉर्नर आहे का, रस्त्यापासून प्लॉट किती वर आहे, एवढे दोन प्रश्न विचारा. ते म्हणाले असं विचारलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं भाऊ. यावर माझं मत असं की नाही जाणार. मला कोणी असं विचारलं असतं तर मी त्याच्याकडूनच घेतलं असतं अन् दहा जणांना सांगितलं असतं. कारण आज यांच्या पाट्या जळगावच्या निम्म्या नव्या कॉलन्यांत चालल्यात, प्रत्येक कॉलनीत कोपरे आहेत, अन् प्रत्येक कोपऱ्यावरून पोरं शाळेत जातात.

मालाला पाचपैकी चार. बसवणाऱ्या पोरांना पाचपैकी पाच, त्या बोट फिरवणाऱ्या पोराला वेगळे. नंतरच्या सेवेला चार, खांब फुकट सरळ करून दिला म्हणून. विकतानाच्या सल्ल्याला एक.

ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी कॉर्नरच्या भागापुरती तरी जाळी घ्या, खाली एक पाटी अन् वर चेनलिंक, 10 गेजची मागा, 12 गेज पातळ असते, नंबर वाढला की तार बारीक होते हे दुकानात उलटं समजून घेतलं जातं. वर काटेरी तार किंवा काचा लावायच्या भानगडीत रस्त्याच्या बाजूला पडू नका, पतंग काढायला पोरं हमखास चढतात.

आता कोपऱ्यावर अप्पांची खुर्ची कायमची झालीय, आतल्या बाजूला, रेलिंगच्या मागे. सकाळी सातपासून साडेआठपर्यंत ते तिथं असतात. ती मुलगी आता आठवीत गेली, कोपऱ्यावर आली की घंटी वाजवते अन् अप्पा रस्त्याकडे बघून हात वर करतात, ये म्हणून.

काढलेल्या साठेक पाट्यांमधल्या बहुतेक गावी खळ्यावर गोठ्याला लावल्या, तिथं त्या झकास बसल्या. अकरा पाट्या अजून घरामागे पडून आहेत, सात फुटी, चांगल्या, एकीलाही चीर नाही. कोणाला शेतात पंपघराला किंवा गोठ्याला हव्या असतील तर विचारा, पैसे नकोत, फक्त गाडी अन् उचलायला दोन माणसं तुमची आणा.